थेरपी फक्त मुलानंच घ्यायची का?

मागच्या वैशाखात नात्यातलं एक लग्न होतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे, त्यामुळे आमची तयारी आठवडाभर आधीच सुरू झाली. कार्यालयाचे फोटो मोबाइलवर दाखवले. कोण कोण भेटेल, कुठे बसायचं, जेवायला काय असेल, हे रोज रात्री सांगितलं. नवा झब्बा घालायचा नाही हे ठरलेलंच होतं. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती शर्ट घातला, त्याचं मानेमागचं लेबल कधीच कापून टाकलेलं. पिशवीत कानावर लावायचे मफ, त्याची नेहमीची बाटली, बोटांत फिरवायला दोरीचा तुकडा. आईनं करायचं ते सगळं करून आम्ही निघालो.

दारातच अत्तर आणि गुलाबपाणी. आत सनईची रेकॉर्ड, त्यावर फोटोग्राफरचा आरडाओरडा, त्यावर स्टीलच्या ताटांचा खणखणाट, आणि छताला सारखे रंग बदलणारे दिवे. तरी त्यानं पाऊण तास काढला. पंख्याकडे बघत, दोरी फिरवत, माझ्या दंडाला डोकं घासत. मग अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशींचा सूर टिपेला गेला की माइक किंचाळायचा. प्रत्येक कडव्याला चारी बाजूंनी अक्षता यायच्या, त्यातल्या काही त्याच्या मानेवरून शर्टात शिरल्या. शेवटच्या ‘सावधान’ला ताशा आणि तुतारी एकदम वाजले आणि तो आहेराच्या टेबलाखाली गेला. कापड वर करून मी आत शिरले, तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन स्वतःच्या कानशिलावर मुठी मारत होता. मफ कुठे पडले ते त्यालाही कळलं नव्हतं आणि मलाही.

टेबलाबाहेरून दोन वाक्यं ऐकू आली. “एवढा घोडा झाला तरी?” आणि “लाड फार झालेत.” दोन्ही घरच्याच माणसांची.

मग एक वाढपी वाकला आणि म्हणाला, “ताई, त्याला कोठीच्या खोलीत आणा. तिथं कोणी येत नाही.” ती खोली अंधारी होती, गार होती, तांदळाचा वास होता. मुलगा सरळ दोन पोत्यांच्या मधल्या फटीत जाऊन आडवा झाला, पाठ एका पोत्याला घट्ट टेकवून. वीस मिनिटांनी त्याचा श्वास सरळ झाला. आमच्या ओटीच्या, म्हणजे संवेदना आणि रोजचे व्यवहार सांभाळायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी जे सांगितलं असतं तेच सगळं तिथे होतं. आवाज नाही, उजेड कमी, अंगाला चांगला दाब, आणि कोणी काही विचारत नाही. त्या वाढप्यानं ऑटिझम हा शब्द कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पोराला इथून हलवायला हवं, एवढं मात्र त्याला एका नजरेत दिसलं.

मला त्या कोठीच्या खोलीविषयी बोलायचं आहे. संवेदनांचा भार असह्य होणाऱ्या मुलाला मदत करायची म्हणजे त्याला थेरपीला पाठवायचं, असं आपण धरून चाललो आहोत. आठवड्यातून दोनदा ओटी, घरी रोजचा सराव, चित्रांचं वेळापत्रक, मफ. सगळं काम मुलानं करायचं आणि त्याच्या आईनं करायचं. बाहेरच्यांनी आवाजाचं बटण काट्याभरही खाली आणायचं नाही. मुलगा तयार झाला की येईलच आपल्यात, तोवर घरी ठेवा. ही वाटणी अन्यायाची आहे, आणि कायद्याच्या कसोटीवरही ती टिकत नाही असं माझं म्हणणं आहे.

आधी भार म्हणजे काय ते. तुम्ही हे वाचत असताना पंख्याची घरघर चालू असेल, बनियनची शिवण पाठीला लागत असेल, शेजारी कुठेतरी मिक्सर फिरत असेल. मेंदू यातलं बहुतेक सगळं बाजूला टाकतो, म्हणून वाचणं जमतं. माझ्या मुलाच्या बाबतीत हे बाजूला टाकणं नीट होत नाही. पंखा, शिवण, मिक्सर आणि माझं बोलणं, सगळं एकाच जोरानं आत येतं. त्यात वास, लखलखाट, कोणीतरी प्रेमानं ओढलेला गाल अशी भर पडत जाते आणि एका क्षणी सगळं कोसळतं. त्याला आम्ही पालक मेल्टडाऊन म्हणतो. बघणारा हट्ट म्हणतो. हट्टाला प्रेक्षक लागतो, आणि हवं ते मिळालं की तो थांबतो. मेल्टडाऊनला प्रेक्षक नको असतात. त्यात काही मागणं नसतं, आणि तो ओसरल्यावर मूल तीन-तीन तास झोपतं किंवा दिवसभर एक शब्द बोलत नाही.

हे काही नवं कळलेलं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं जे पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यातच व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, लिफ्ट, अगदी वाऱ्याच्या आवाजानंसुद्धा घाबरून जाणारी मुलं आहेत. तरीही अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत संवेदनांच्या या तक्रारीला निकष म्हणून जागा मिळाली ती २०१३ साली. मधली ७० वर्षं मुलं कानांवर हात ठेवत होती आणि शास्त्र त्यांच्या बोलण्या-वागण्याकडे बघत होतं.

आपल्या भाषेनंही या गैरसमजात हातभार लावला आहे. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, रुळलेला आहे, संस्थांच्या पाट्यांवर आहे, आणि तो वापरणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मला तो दिवसेंदिवस खुपतो. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला, बाहेरचं ज्याच्यापर्यंत पोचतच नाही असा. माझ्या मुलापर्यंत सगळंच पोचतं, नको तितकं पोचतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी त्याला माझ्याआधी ऐकू येते. तो पाठ फिरवून भिंतीकडे बघत बसतो तेव्हा आत बुडालेला नसतो, बाहेरचं थोडं कमी करू बघत असतो. शब्दच असा असल्यावर ‘त्याला हाका मारा, हलवा, माणसांत न्या’ हा सल्ला आपोआप येतो, आणि तोच सल्ला भार वाढवतो.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘सवय लावा’. हे उत्तर देणारी माणसं वाईट नसतात. माझे सासरे हेच म्हणायचे, आणि त्यांच्याइतका जीव त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा नाही. म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या यूसीएलए या विद्यापीठातल्या शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना मेंदूच्या स्कॅनमध्ये असताना रहदारीचा गोंगाट ऐकवला आणि टोचऱ्या लोकरी कापडाचा स्पर्श दिला. एरवी मेंदू अशा गोष्टीला पहिल्यांदा दचकतो आणि मग त्याचं दचकणं उतरत जातं. ज्या ऑटिस्टिक मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होता, त्यांच्या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागात हे उतरणं कमी दिसलं. म्हणजे ज्याला आपण सवय म्हणतो, ती लागण्याची क्रियाच तिथे अडखळते. अशा मुलाला डीजेसमोर उभं केल्यानं सवय लागत नाही. पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशीच तो थरथरायला लागतो, एवढं मात्र शिकतो.

मग काहीच शिकता येत नाही का? येतं. आमच्या घरात कुकर हा मोठा शत्रू होता. दोन वर्षं मी भात पातेल्यात शिजवला. मग ओटीच्या ताईंच्या सल्ल्यानं आधी त्याला नुसती शिट्टी हातात दिली, बिनआवाजाची, खेळायला. मग कुकर लावण्याआधी तीन बोटं दाखवायला लागले, म्हणजे तीन शिट्ट्या. त्या वेळी तो आतल्या खोलीत जायचा, दार लावायचा आणि मोजायचा. हळूहळू दार उघडं राहायला लागलं. आता तिसरी झाली की तोच येऊन गॅस बंद करतो. चौथी झाली तर मात्र अख्खी दुपार जाते. यात नीट बघण्यासारखं हे आहे की आवाज तेवढाच राहिला. पण तो कधी होणार आणि किती वेळा होणार हे त्याला आधी कळलं, आणि लांब जायला खोली होती. हे दोन्ही मी देऊ शकले, कारण स्वयंपाकघर माझं आहे. रस्ता माझा नाही. शाळेची घंटा माझी नाही.

म्हणून प्रश्न सार्वजनिक होतो. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ही यादी २१ वर नेली आणि ऑटिझम तीत आला. या कायद्यानं ‘अडथळा’ या शब्दाची केलेली व्याख्या मला फार मोलाची वाटते. समाजात पूर्णपणे वावरण्याच्या आड येणारा कोणताही घटक म्हणजे अडथळा, आणि त्या घटकांत इमारतीच्या रचनेबरोबर परिसर आणि लोकांची वृत्ती हीसुद्धा नावानिशी आहेत. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असंही हाच कायदा सांगतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तीन पायऱ्या आडव्या येतात, तसा माझ्या मुलाला १०० डेसिबलचा चौक आडवा येतो. तिथून पुढे त्याला जाता येत नाही. पायऱ्यांशेजारी रॅम्प हवा हे आता सगळ्यांना पटतं, निदान कागदावर तरी. चौकाच्या बाबतीत मात्र अजून ‘मुलाला घरी ठेवा’ हेच उत्तर आहे.

आणि आवाजाचे नियम नवे करायचेही नाहीत. ते २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती फक्त वेळेची सवलत आहे, पातळीची नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची मंडळी वर्षानुवर्षं आवाज मोजत आली आहेत, आणि आकडे १०० च्या आसपास, कधी त्याच्याही वर गेलेले आहेत. ५५ आणि १०० मधला फरक दुप्पट वाटतो, पण डेसिबलची मोजणी तशी चालत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ५५ वरून १०० म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. यापुढे कापसाचे बोळे काय करणार?

‘म्हणजे आता सणही बंद करायचे का?’ हा प्रश्न मला माझ्याच सोसायटीत विचारला गेला आहे, आणि मी त्याचा राग मानला नाही. मी गणपतीतच वाढले. आरतीला झांजा वाजवायला भांडलेली मुलगी आहे मी. पण लोकमान्यांनी १८९३ मध्ये उत्सव रस्त्यावर आणला तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता, आणि उत्सव उभा राहिलाच. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलं आहे की बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकायला लावण्याचा हक्क नव्हे. आणि मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. कोणत्याही, म्हणजे भोंगा कुठल्याही छपरावरचा असो. ‘एक गाव एक गणपती’ कितीतरी गावांनी आपणहून स्वीकारला. गुलाल कमी झाला, शाडूच्या मूर्ती परत आल्या, हौद आले. सण बदलत आला आहे, माणसांनीच तो बदलला आहे.

दुसरा प्रश्न असतो, ‘एका मुलासाठी सगळ्यांनी का?’ एक मूल म्हणजे दिसणारं एक. बाकीची घरात आहेत, म्हणून दिसत नाहीत. आणि ज्या चौकात माझा मुलगा उभा राहू शकेल, तिथे तान्हं मूल, हृदयाचं ऑपरेशन झालेले आजोबा आणि दहावीची पोरगी यांनाही श्वास घेता येईल. पण खरं सांगायचं तर मला हा युक्तिवाद पुढे करायचा नाही. रॅम्प बांधताना आपण ‘पोती वाहायलाही उपयोग होईल’ अशी सबब शोधत नाही. एका माणसाचा हक्क तेवढा पुरेसा असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण आमच्यातल्याच काही पालकांचा अनुभव वेगळा आहे. सगळ्या ऑटिस्टिक मुलांना आवाज नकोसाच असतो असं नाही. काहींना संवेदना कमी पोचतात, ती मुलं ती शोधत फिरतात. उड्या मारतात, स्पीकरला कान लावतात, मिक्सर चालू करायला धावतात. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. माझा मुलगा वॉशिंग मशिन पिळायला लागलं की त्याला पोट टेकवून उभा राहतो. आणि ढोल त्याला आवडतो, हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात नदीपात्रात पथकांचा सराव चालतो. आम्ही लांब पुलाच्या बाजूला उभे होतो. त्यानं छातीवर हात ठेवला, थांबला, पुन्हा ठेवला. ठोका त्याला छातीत लागत होता आणि त्याला हसू येत होतं. साधारण दहा मिनिटांनी तो वळून चालायला लागला, मीही त्याच्यामागे निघाले. तोच ढोल मिरवणुकीत गर्दीच्या मधोमध, भिंतीएवढ्या स्पीकरांसोबत, मागे फिरायला वाट नसताना त्याला सोसत नाही. त्यामुळे सरसकट शांतता ही माझी मागणी नाही. आधी कळावं, निघून जायला वाट असावी, आणि पातळी कायद्यात लिहिली आहे तेवढी असावी.

या मागणीला फार पैसेही लागत नाहीत. एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष आहेत. त्यांची अवस्था कशीही असो, तान्ह्या बाळाच्या आईला चारचौघांत एक आडोसा लागतो हे आपण मान्य केलं आणि त्याला नाव दिलं, तेही रायगडाचा कडा उतरलेल्या एका आईचं. तसाच एक शांत कोपरा रेल्वे स्टेशनात, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत, नाट्यगृहात, मंगल कार्यालयात का नसावा? वरपक्षाला खोली, वधूपक्षाला खोली, भटजींना खोली असतेच. शाळांत तर हे आणखी सोपं आहे. प्रार्थनेला रांगेच्या टोकाला उभं राहायची मुभा, मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी दोन मिनिटं वर्गातून निघायची परवानगी, उचकणारी ट्यूबलाइट बदलणं, वाचनालयात एक चटई. माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत मी हे लेखी मागितलं होतं. “एकाला दिलं की सगळे मागतील,” असं उत्तर मिळालं. आम्ही शाळा बदलली. आताच्या शाळेत त्या चटईवर कधीकधी इतर मुलंही जाऊन बसतात, बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे वावरता यावं यासाठीचे नियम नुसते शिफारशीचे न राहता बंधनकारक असले पाहिजेत असं सांगितलं. ते नियम लिहिताना दरवाजाची रुंदी आणि उताराची पट्टी यांच्या ओळीत आवाज आणि प्रकाश यायला हवेत. मिरवणुकीची परवानगी देताना मार्ग विचारतात, तशी त्या मार्गावर कोणतं मूल राहतं याची नोंद करायला एक रकाना का नसावा?

आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले. जायला सात वर्षं लागली, कारण मला वाटायचं की भांडण होईल. कार्यकर्ता पंचविशीचा असेल. मी कायदा, डेसिबल, सगळं पाठ करून गेले होते. त्यानं मधेच थांबवलं आणि विचारलं, “काकू, कुठून कुठपर्यंत बंद ठेवायचं ते दाखवा ना.” याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. आम्ही दोघं चालत निघालो. आमच्या गॅलरीखाली उभं राहून मी अंदाज घेतला आणि डीपीच्या पेटीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत असं सांगितलं. साधारण साठ पावलं. त्यानं मोबाइलवर दोन्ही ठिकाणांचे फोटो काढले. विसर्जनाच्या दिवशी साडेसहाला त्याचा मेसेज आला, वीस मिनिटांत येतोय. मी मुलाला दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनदा दहा मिनिटं. डीपीच्या पेटीपाशी स्पीकर थांबले आणि नुसते ढोल पुढे आले. तो गॅलरीच्या दाराच्या काचेआड मफ लावून उभा होता, छातीवर हात ठेवून. मूर्ती गिरणीपाशी पोचायच्या आत तो आतल्या खोलीत गेला. दार मात्र त्यानं लावलं नाही.